ज्यांनीं दिवा राखिला



महोत्सव म्हणजे केवळ पताका, मिरवणूक आणि पंगत नव्हे. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत परमेश्वरानें इस्राएल लोकांस आज्ञा केली आहे, कीं पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, रणशिंग फुंकून देशभर मुक्ततेची द्वाही फिरवावी, आणि ज्याचें वतन परहातीं गेलें असेल त्याचें त्यास परत मिळावें. ज्युबिली हा शब्दच त्या रणशिंगाच्या हिब्रू नांवावरून आला आहे. तेव्हां महोत्सवाचें मूळ देण्याघेण्याच्या हिशेबांत आहे. आपल्या हातीं जें आहे तें कोणाकडून आलें, आणि त्याची फेड कोणत्या रीतीनें करावयाची, हा प्रश्न स्वतःस विचारिल्यावांचून महोत्सव पुरा होत नाहीं.

अशा प्रसंगीं निघणाऱ्या पुस्तिकेंत ज्यांचीं नांवें छापिलीं जातात ते बहुधा बिशपमहाराज, धर्मगुरू, देवळाचें बांधकाम करविणारे व सढळ हातानें देणगी देणारे सद्गृहस्थ असतात. त्यांचें स्मरण योग्यच आहे, आणि तें ह्या पुस्तिकेच्या इतर पानांवर होईलच. आम्हांस येथें स्मरण करावयाचें आहे तें दुसऱ्यांचें. देवळांतील दिव्यांत तेल घालणारा, पहाटे घंटा वाजविणारा, मुलांकडून प्रार्थना पाठ करवून घेणारी आजी, मरणोन्मुख अर्भकाच्या मस्तकीं पाणी ओतून त्यास स्नानसंस्कार देणारी सुईण, आजाऱ्याच्या उशाशीं बसून जपमाळ म्हणणारा शेजारी, ह्यांची नोंद बहुधा कोणत्याही दप्तरांत सांपडत नाहीं. आमचें म्हणणें असें, कीं राजाश्रय आला आणि गेला, पाद्री आले आणि गेले, देवळें उभीं राहिलीं आणि पडलीं; पण श्रद्धा टिकली ती मुख्यतः ह्या अज्ञात सेवकांच्या हातून. हें आम्ही आपल्या वसईच्या इतिहासावरून, आणि वसईच्या एका सुपुत्रानें जेथें आपला देह ठेविला त्या जपानांतील नागासाकी नगराच्या इतिहासावरून दाखविण्याचा प्रयत्न करणार आहों.

गुजराथचा सुलतान बहादूरशाह ह्यानें १५३४ सालीं वसई प्रांत पोर्तुगीजांस दिला. त्यानंतर फ्रान्सिस्कन संघाचे फादर आंतोनियु दु पोर्तु व त्यांचे सहकारी ह्यांनीं वसई व साष्टी भागांत धर्मप्रसारास आरंभ केला. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे पाय ह्या भूमीस एकाहून अधिक वेळां लागले. १५४८ सालीं ते येथें आले होते. पुढें जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन संघांचे व्रतस्थही आले, आणि शतक संपण्याच्या आंत केळीच्या बागांतून व कोळीवाड्यांजवळून देवळांचीं शिखरें दिसूं लागलीं. ह्या कार्याच्या पाठीशीं राजसत्ता उभी होती हें लपविण्याचें कारण नाहीं. सत्तेच्या छायेंत जें वाढतें त्याचें खरें बळ सत्ता गेल्यावर कळतें. वसईच्या श्रद्धेची ही परीक्षा पुढें झाली. परंतु तत्पूर्वीं वसईच्या एका पुत्राची परीक्षा दूर देशीं होऊन गेली होती.

संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता येथलीच. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते जेझुइट मिशनऱ्यांबरोबर जपानास गेले, तेथील भाषा त्यांनीं उत्तम आत्मसात केली, आणि कांहीं वर्षें धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. जेझुइट संघांत आपणांस प्रवेश मिळावा अशी त्यांची इच्छा होती. ती सफळ झाली नाहीं. मग त्यांनीं व्यापार केला, त्यांत यश मिळविलें, आणि अखेर तें सर्व सोडून मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत दाखल झाले. तेथेंही ते धर्मगुरू झाले नाहींत. साधे बंधू म्हणूनच राहिले. मिस्सा अर्पण करण्याचा, पापक्षमा देण्याचा अधिकार त्यांजकडे नव्हता. त्यांजकडे होती ती एक परकी भाषा जाणणारी जिव्हा, आणि कामास न कंटाळणारे दोन हात.

१५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता हे फिलिपाइन्सच्या गव्हर्नराचे वकील म्हणून जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्याच्या भेटीस गेले, तेव्हां दुभाषा म्हणून बंधू गोन्सालो बरोबर होते. ज्या सत्ताधीशानें १५८७ सालींच मिशनऱ्यांस देशाबाहेर जाण्याचें फर्मान काढिलें होतें, त्याच्या दरबारीं वसईचा हा पुत्र धीटपणें बोलला. पुढें मियाको म्हणजे आजचें क्योतो येथें फ्रान्सिस्कनांनीं देऊळ बांधिलें व महारोग्यांसाठीं रुग्णालय उघडिलें. ज्यांस समाजानें टाकिलें होतें त्यांच्या जखमा धुण्याचें काम तेथें चाले.

१५९६ सालीं सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्यावरील मालाच्या जप्तीवरून वाद माजला आणि हिदेयोशीचा रोष ख्रिस्ती लोकांवर वळला. क्योतो व ओसाका येथें २४ जणांस धरण्यांत आलें, त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला, आणि ऐन हिवाळ्यांत त्यांस नागासाकीपर्यंत चालविण्यांत आलें. ह्या प्रवासांतील एक गोष्ट आम्हांस विशेष लक्षांत घेण्याजोगी वाटते. बंद्यांची शुश्रूषा करावी म्हणून दोन जपानी ख्रिस्ती त्यांच्या मागोमाग चालले होते. एकाचें नांव पेद्रो सुकेजिरो. दुसरा फ्रान्सिस नांवाचा सुतार. त्यांजवर कोणताही हुकूम नव्हता. ते केवळ सेवेस आले, आणि सेवा करतां करतां स्वतःच बंदी झाले. अशा रीतीनें २४ चे २६ झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ह्या २६ जणांस क्रुसांवर बांधून भाल्यांनीं मारण्यांत आलें. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ जपानी जेझुइट आणि १७ जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी हा १२ वर्षांचा मुलगा होता. पोप आठवे अर्बन ह्यांनीं १६२७ सालीं फ्रान्सिस्कन हुतात्म्यांस धन्यवादित म्हणून घोषित केलें, आणि पोप नववे पायस ह्यांनीं ८ जून १८६२ रोजीं सर्व २६ जणांस संतपद दिलें. भारतांत जन्मलेल्या व्यक्तीस संतपद मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग.

२६ पैकीं बहुसंख्य लोक धर्मगुरू नव्हते. कोणी धर्मशिक्षक, कोणी रुग्णसेवक, कोणी सुतार. जणूं पुढें जपानांत काय व्हावयाचें होतें त्याची ही पूर्वसूचनाच होती. १६१४ सालीं तोकुगावा राज्यकर्त्यांनीं ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरू हद्दपार झाले किंवा मारले गेले. १६४४ नंतर त्या देशांत उघडपणें अथवा गुप्तपणें वावरणारा एकही धर्मगुरू उरला नाहीं. देवळें जमीनदोस्त झालीं. प्रभु येशूची अगर पवित्र मरियेची प्रतिमा पायांखालीं तुडवून आपण ख्रिस्ती नाहीं असें सिद्ध करण्याची सक्ती झाली. माणसाच्या तर्कानें पाहिलें, तर एका पिढींत सर्व संपावयास पाहिजे होतें.

तें संपलें नाहीं. नागासाकीजवळच्या उराकामी खेड्यांतील शेतकऱ्यांनीं व बेटांवरील कोळ्यांनीं आपसांत कामें वांटून घेतलीं होतीं. एकानें पंचांग सांभाळावयाचें, म्हणजे सण कोणता, उपास कोणता, काम बंद कोणत्या दिवशीं, हें मोजून ठेवावयाचें. दुसऱ्यानें बालकांस स्नानसंस्कार द्यावयाचा. तिसऱ्यानें घरोघर निरोप पोहोंचवावयाचा. प्रार्थना लिहून ठेवणें धोक्याचें, म्हणून त्या तोंडपाठ करून पुढच्या पिढीस द्यावयाच्या. मिस्सा नाहीं, प्रायश्चित्ताचा संस्कार नाहीं, अंत्यसमयीं तैलाभ्यंग नाहीं. आणि असें दोनशें वर्षांहून अधिक काळ चाललें.

१८६५ सालीं नागासाकीच्या ओउरा भागांत फ्रेंच मिशनऱ्यांनीं परदेशी रहिवाशांसाठीं एक देऊळ बांधिलें. तें देऊळ त्याच २६ हुतात्म्यांस, म्हणजे आपल्या गोन्सालो गार्सियांसही, वाहिलेलें होतें. १७ मार्च १८६५ रोजीं उराकामीचीं कांहीं माणसें तेथें आलीं. त्यांतील एक स्त्री फादर पेतिजां ह्यांजजवळ येऊन हळूच म्हणाली, कीं आमचें अंतःकरण आपल्या अंतःकरणासारखेंच आहे. आणि तिनें पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे असें विचारिलें. संकट तेवढ्यानें टळलें नाहीं. बंदी कायमच होती. १८६७ पासून पुन्हां धरपकड झाली, उराकामीचे ३,००० हून अधिक ख्रिस्ती देशांत दूरदूर हद्दपार झाले आणि त्यांतील ६०० हून अधिक तेथेंच मरण पावले. १८७३ सालीं बंदीचे फलक उतरले तेव्हां उरलेले घरीं परतले. ज्या टेकडीवर वसईच्या पुत्राचें रक्त सांडलें तिच्या परिसरांत श्रद्धा जगली, आणि ती जगविली पंचांग मोजणाऱ्यानें, पाणी ओतणाऱ्यानें व निरोप्यानें.

आतां वसईकडे परत येऊं. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पा ह्यांनीं वसईचा किल्ला घेतला व पोर्तुगीज अंमल संपला. येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. वसईंत जें झालें तें नागासाकीसारखें मुळींच नव्हतें. तहाच्या अटींत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यांत आली होती. फ्रेंच प्रवासी आंकेतिल द्यु पेरों हा १७६० सालीं साष्टी भागांतून हिंडला, तेव्हां मराठी अमलाखालीं ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणें साजरे करीत असल्याचें त्याच्या दृष्टीस पडलें. मराठी राज्यकर्त्यांच्या ह्या औदार्याचें ऋण आपण मान्य केलेंच पाहिजे.

तथापि अडचण निराळीच होती. यूरोपीय व्रतस्थ निघून गेले. त्यांचे मठ व विद्यालयें ओस पडलीं. किल्ल्यांतील देवळांच्या भिंतींवर वड-पिंपळ रुजले. ते अवशेष आजही पाहावयास मिळतात. घंटा विजयाचें चिन्ह म्हणून देशावर गेल्या. नाशिकचें नारोशंकराचें देऊळ, भीमाशंकर, मेणवलीचा घाट, ह्या ठिकाणीं आजही पोर्तुगीज घंटा टांगलेल्या आहेत. कांहीं देवळें पडलीं, कांहीं मोडकळीस आलीं. थोडे देशी धर्मगुरू राहिले आणि त्यांनींच पसरलेल्या गांवांचा भार वाहिला. धर्मगुरू आज ह्या गांवीं तर पुढें दूरच्या गांवीं. मधल्या दिवसांत काय? ख्रिस्तसभेचा नियम असा, कीं प्राणसंकटीं कोणाही माणसानें योग्य हेतु धरून, पाणी ओतून व विधिवचन उच्चारून स्नानसंस्कार द्यावा. म्हणून सुइणींस तें वचन शिकवून ठेवण्याची जुनी चाल. घरच्या ओवऱ्यांत क्रूसापुढें संध्याकाळची जपमाळ होई. वाटेवरच्या क्रूसाजवळ आळीचे लोक जमून लादीन म्हणत. देवळांतील घंटा गेली, तरी घरांतील प्रार्थनेची वेळ गेली नाहीं. सामवेदी, वाडवळी व कोळी घरांतून, प्रत्येकाच्या आपापल्या बोलींत बोलणाऱ्या मातांनीं ती वेळ पाळिली, म्हणून आज ह्या भागांत देवळें पुन्हां भरलेलीं दिसतात.

ह्याच जातीचें दुसरें एक उदाहरण आपल्या मराठी भाषेनें दिलें आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या मुखीं पूर्वींचीं पुराणें राहिलीं नव्हतीं, आणि नवें कांहीं आलें नव्हतें. ही उणीव ओळखून त्यांनीं सुमारें ११,००० ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें छापिलें गेलें व पुढें १६४९ आणि १६५४ सालीं पुन्हां निघालें. १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारानें देशी भाषेच्या वापरावर निर्बंध घातले. आज त्या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत उपलब्ध नाहीं. मग हा ग्रंथ आपणांस मिळाला कसा? मंगळुराकडील ख्रिस्ती घराण्यांत त्याच्या हस्तलिखित प्रती पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या होत्या. त्यांच्या आधारें जोसेफ सालढाणा ह्यांनीं १९०७ सालीं तो पुन्हां छापिला. दिव्याच्या उजेडांत ओवीमागून ओवी उतरून घेणाऱ्या त्या लेखकांपैकीं किती जणांचीं नांवें आपण सांगूं शकतों? छापखाना हरला आणि बोरू जिंकला. पुढें वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं मराठींत सुबोध बायबल सिद्ध केलें व २०२० सालीं उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें, त्या गौरवाच्या पायाशीं हे अनाम लेखकही आहेत असें आम्ही समजतों.

धर्माधिकाराची व्यवस्था मध्यंतरीं अनेकदां बदलली. १८८६ च्या करारानें वसईचे धर्मग्राम दमणच्या धर्मप्रांतांत गेले. १९२८ सालीं ते मुंबईच्या महाधर्मप्रांतांत आले. आणि १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मधल्या काळांत पोर्तुगालचा पाद्रोआदो व रोमची प्रॉपगंडा ह्यांच्या अधिकाराविषयींचे तंटे मुंबई इलाख्यांत पुष्कळ गाजले. ह्या सर्व घडामोडींत वरचे शिक्के बदलले, पण प्रेतापुढें क्रूस धरून चालावयाचें, वेदीवरचीं वस्त्रें धुवावयाचीं, लहानांस क्रूसाची खूण करावयास शिकवावयाचें, हें काम ज्याचें त्याच्याकडेच राहिलें.

सेवा देवळाच्या उंबरठ्यापाशीं थांबत नाहीं, हेंही येथल्या पूर्वजांनीं जाणिलें होतें. बागाइतदार सावकाराच्या व्याजांत बुडत चालला, तेव्हां मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकारानें १९१८ सालीं वसईंत कॅथलिक सहकारी पतपेढी निघाली, आणि तीच पुढें मोठी सहकारी बँक झाली. अशा संस्थेच्या आरंभीं एक धर्मगुरू असतो खरा. परंतु विश्वासानें पैसा ठेवणारे, घेतलेलें कर्ज प्रामाणिकपणें फेडणारे व चोख हिशेब लिहिणारे असल्यावांचून ती एक वर्षही चालत नाहीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेशपत्र काढिलें आणि ही सेवा प्रत्येक स्नानसंस्कारिताचा हक्क व कर्तव्य असल्याचें सांगितलें. आपल्या आजीपणज्यांनीं तें आदेशपत्र वाचिलें नव्हतें. त्यांनीं तें आधींच आचरिलें होतें.

आतां आपल्याविषयीं दोन शब्द. आज आपणांवर बंदी नाहीं, धर्मगुरूंचा तुटवडा पूर्वींसारखा नाहीं, देऊळ पक्कें आहे, मिस्सा आपल्या मायबोलींत होते. परंतु पहाटेच्या गाडीनें मुंबईस जाऊन रात्रीं परतणाऱ्या घरांतून संध्याकाळची जपमाळ मागें पडत चालली आहे. बागांच्या जागीं इमारती आल्या आणि शेजारी शेजाऱ्यास ओळखीनासा झाला. धर्मशिक्षणाच्या वर्गास शिक्षक, गायनवृंदास गळा, आजाऱ्यांच्या भेटीस सवड मिळत नाहीं, ही तक्रार अनेक धर्मग्रामांतून ऐकूं येते. छळानें जें विझलें नाहीं, उणिवेनें जें विझलें नाहीं, तें सुखाच्या धांवपळींत तेलावांचून विझेल कीं काय, ही भीति आम्ही महोत्सवाच्या दिवशींच बोलून दाखवितों. कारण हिशेबाचा दिवस हाच आहे.

म्हणून आमची एक सूचना आहे. ह्या महोत्सवी वर्षांत प्रत्येक घरानें आपल्या वडीलधाऱ्यांस विचारावें, कीं आपणांस प्रार्थना कोणीं शिकविली, आपल्या आळींतल्या क्रूसापुढें दिवा कोण लावीत असे, घंटा कोण वाजवीत असे, आजाऱ्यांकडे कोण जात असे. मिळेल तें नांव वहींत लिहून धर्मग्रामाच्या दप्तरीं द्यावें, व मृतांच्या स्मरणदिनीं त्या नांवांसाठीं मिस्सा व्हावी. हें काम लवकर व्हावयास पाहिजे. ज्यांस हीं नांवें ठाऊक आहेत ते आपणांत फार काळ असणार नाहींत. आणि नांव लिहून झाल्यावर त्या व्यक्तीची जी सेवा आज रिकामी पडली असेल, ती त्या घरानें उचलावी. पेद्रो सुकेजिरो व फ्रान्सिस सुतार ह्यांस कोणीं बोलाविलें नव्हतें. गरज दिसली आणि ते चालूं लागले. कृतज्ञतेचे शब्द आपण पुष्कळ उच्चारतों. ज्याचे उपकार आपण मानतों त्याचें काम पुढें चालविणें, हीच त्याची खरी फेड होय.

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया, ज्यांनीं कोणत्याही मोठ्या पदाविना केवळ वाणी व हात ह्यांनीं प्रभूची सेवा केली, ते आपल्या धर्मग्रामासाठीं मध्यस्थी करोत. ज्यांचीं नांवें आपण विसरलों त्यांचीं नांवें जीवनाच्या पुस्तकांत लिहिलेलीं असोत. आणि आपल्यामागून येणारी पिढी जेव्हां आपला पुढचा महोत्सव साजरा करील, तेव्हां तिला हा दिवा पेटता मिळो, हीच प्रभुचरणीं नम्र प्रार्थना.

आमेन.